दुखणं कोणाचं खरं?

१९३९ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या दोन डॉक्टरांनी ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेकडे सभासदत्वासाठी अर्ज केले. रोलंड स्कॉट आणि अलोंझो स्मिथ. दोघेही पात्र, दोघेही कृष्णवर्णीय. अर्ज नामंजूर झाले. यांना आत घेतलं तर उद्या हे आपल्या टेबलावर जेवायलाही बसतील, ही धास्ती कार्यकारिणीच्या चर्चेत बोलून दाखवली गेली. पंक्तिभेद पाहिलेल्या मराठी माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको. १९४५ मध्ये दोघांना प्रवेश मिळाला. संघटनेने जाहीर माफी मागायला मात्र २०२० साल उजाडलं.

स्कॉट यांनी आयुष्य वेचलं ते सिकलसेलच्या मुलांसाठी. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांनाही हा आजार ओळखीचा आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांतून असह्य कळा येतात. तान्ह्या बाळाच्या हातापायांची बोटं सुजतात. या कळा रक्ताच्या तपासणीत मोजता येत नाहीत. मूल सांगतं त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

घोडं इथेच पेंड खातं. अमेरिकेतले सिकलसेलचे बहुतेक रुग्ण कृष्णवर्णीय. वेदनेने तळमळणारा पोरगा पुन्हा पुन्हा इमर्जन्सीत आला, की ‘याला औषधाची चटक लागली असेल’ ही शंका आधी येते. अपेंडिक्सचंही तेच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की तीव्र वेदना असतानाही कृष्णवर्णीय मुलांना मॉर्फिनच्या गटातली औषधं गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी कमी वेळा मिळाली. आजार तोच! पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दाखवली गेली. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, यासारखा किमान एक खोटा समज निम्म्यांना पटला होता.

दुखणं खोटं ठरवलं जाणं हाही मुलासाठी आघातच. बालपणी झालेल्या आघातांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे १९९८ साली फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांच्या अभ्यासाने जगापुढे आणलं. मारहाण, छळ, घरातलं दारूचं व्यसन, तुरुंगात गेलेलं माणूस असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी हृदयविकारापासून नैराश्यापर्यंत सगळ्यांचं प्रमाण जास्त. अभ्यास मोलाचा, पण त्याचे प्रश्न घराच्या उंबऱ्याआतच थांबले होते. पुढे फिलाडेल्फियात संशोधकांनी त्यांत वर्णद्वेषाचा अनुभव आणि असुरक्षित वस्ती यांची भर घातली. हे योग्यच झालं. तरी दवाखाना हीसुद्धा आघाताची जागा असू शकते, ही गोष्ट कित्येक प्रश्नावल्यांत सापडत नाही. आईबापांनी काय केलं हे खोदून विचारणारा दवाखाना स्वतःबद्दल विचारायला सहसा विसरतो.

आघाताची जाण ठेवून उपचार करणारे काय वेगळं करतात? सुई टोचण्याआधी मुलाला सांगतात. कुठल्या हाताला टोचायचं, ते त्यालाच ठरवू देतात. आईला बाहेर न काढता मुलाला तिच्या मांडीवर बसवतात. अमेरिकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सिकलसेलच्या कळा घेऊन आलेल्या रुग्णाला नाव नोंदवल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळायला हवं. घड्याळाकडे बोट दाखवता येतं, म्हणून असा नियम नुसत्या चांगुलपणापेक्षा भरवशाचा.

आजाराच्या धोक्याचा अंदाज बांधणाऱ्या हिशेबातही बदल झाले. तापलेल्या बाळाची लघवी तपासायची का, हे ठरवणाऱ्या एका अमेरिकन गणकयंत्रात बाळाचा वर्णही विचारला जाई आणि बाळ कृष्णवर्णीय असलं तर संसर्गाचा धोका कमी धरला जाई. पिट्सबर्गच्या संशोधकांनी वर्णाचा रकाना काढला आणि त्याजागी दोन साधे प्रश्न घातले: ताप किती वेळ आहे, आणि असा संसर्ग पूर्वी झाला होता का? अंदाजाची अचूकता जवळपास पहिल्याइतकीच राहिली.