काढा, जोशांदा आणि डॉक्टर

(मनीषनगर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून. वक्ते माध्यमिक शिक्षक, बी.ए., बी.एड. आहेत.)



मी हकीम नाही, वैद्य नाही, डॉक्टर तर नाहीच. इतिहास-भूगोल शिकविणारा शिक्षक आहे. तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण 2021 च्या एप्रिलमध्ये माझ्या हातून घरातच एक चूक घडली.

त्या दिवसांत नागपुरात रुग्णालयात खाट मिळणे किती कठीण झाले होते, हे तुम्हांस सांगावयास नको. माझ्या मामूंना ताप आला, खोकला सुरू झाला. मी उत्साहाने सामान आणले. आयुष मंत्रालयाने 2020 मध्ये सुचविलेले काढ्याचे प्रमाण मला पाठ होते : तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. मुमानी दिवसातून सहा-सहा वेळा काढा उकळीत. घशाला आराम पडे. मामू म्हणत, "बरं वाटतंय, बेटा." पाचव्या दिवशी शेजाऱ्यांनी ऑक्सिमीटर आणून बोटाला लावला. आकडा होता 84. मामू वाचले, पण आजही जिना चढताना मध्येच थांबतात. दोष काढ्याचा नव्हता. पाच दिवस मी ऑक्सिजन मोजला नाही, हा दोष माझा.

म्हणून वनस्पतींना नावे ठेवावीत काय? मुळीच नाही. आपल्या अंगणातला अडुळसाच घ्या. त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर हे नाव तुम्हांस वाचावयास मिळेल. उन्नाब, सपिस्तान आणि बिहीदाणा यांचा जोशांदा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याने घसा ओला राहतो, खोकल्याची ढास कमी होते. परंतु घसा शांत झाला म्हणजे फुप्फुसातील विषाणू नष्ट झाला, असा अर्थ कोणी काढू नये. मी तोच काढला होता.

आता शेजारच्या वर्ध्याची गोष्ट. आयुष-64 नावाची गोळी 1980 मध्ये हिवतापासाठी तयार झाली. तिच्यात सप्तपर्णाची साल, कुटकी, चिराईत आणि सागरगोटा असतो; होय, मुली खेळतात तोच सागरगोटा! कोविडच्या सौम्य व मध्यम रुग्णांवर लखनौ, मुंबई आणि वर्धा येथे तिची चाचणी झाली, प्रत्येक गटात 70 रुग्ण. नेहमीच्या उपचारांसोबत गोळी घेणारे लवकर बरे झाले, असे एप्रिल 2021 मध्ये जाहीर करण्यात आले. विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. नेहमीचे उपचार कोणाचेही बंद केलेले नव्हते. दुसरे असे की गोळी कोणाला मिळते, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते. अशा चाचणीत मनाचा कौल निकालात मिसळण्याचा संभव असतो. संख्याही लहानच. तेव्हा आशा ठेवावी, पण खात्री मानू नये.

"झाडपाल्याने अपाय होत नाही," असे आपले वडीलधारे सांगतात. मुंबईच्या डॉक्टरांनी 2020 च्या अखेरीस गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद राहू द्या; बाजारातून आणलेली काडी नेमकी कोणती, हे आपल्यापैकी किती जणांना ओळखता येते? ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. आणि मुलाला उकळत्या पातेल्यावर वाफेसाठी वाकवू नका, भाजण्याचे अपघात असेच घडतात.

काढा जरूर घ्या, दिवसातून एकदोनदा. डॉक्टरांपासून मात्र तो लपवू नका. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नको. ऑक्सिजन 94 च्या खाली गेला, प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला 24 हून अधिक चालला, किंवा माणूस बोलताना अडखळू लागला, तर पातेले चुलीवरून उतरवून आधी रुग्णालय गाठा.

ऑक्सिमीटर लावताना नखावर मेंदी वा रंग असेल तर आकडा चुकू शकतो, हे बहुतेक घरांत ठाऊक नसते. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर नववी-दहावीच्या मुलामुलींना ते यंत्र वाचावयास मी शिकविणार आहे. ज्यांच्या घरी आहे त्यांनी सोबत आणावे, सेल तपासून.