‘शे’ म्हणजे कुणाकडे?

फ्रेंचमध्ये एक लहानसा शब्द आहे. रोमन लिपीत चार अक्षरं, उच्चार मात्र एवढाच : ‘शे’. शेवटचा ‘झेड’ गप्प असतो, पण पुढे स्वर आला की जागा होतो. ‘शे वू’ म्हणजे तुमच्याकडे, पण तिच्याकडे म्हणायचं तर ‘शेझेल’.

मुलगी ल्योंला असते, जावई तिथलेच. विहीणबाईंशी चार शब्द बोलता यावेत म्हणून पंचावन्नाव्या वर्षी मी पुण्यात वर्गाला जाऊ लागले. पुस्तक इंग्रजीतून. त्यात अर्थ दिला होता, ‘च्या घरी’. मग ‘शे ल मेदसँ’ म्हणजे काय डॉक्टरांच्या घरी जायचं? आणि ‘शे मोलिएर’? हा नाटककार तर १६७३ साली वारला!

एकदा शेजारणीनं दारातून विचारलं, ‘‘आज डॉक्टरांकडे जायचंय ना?’’ आणि माझी ट्यूब पेटली. अहो, हे तर आपलं ‘कडे’! डॉक्टरांकडे, वाण्याकडे. ‘‘आमच्याकडे पुरणपोळीबरोबर कटाची आमटी लागतेच,’’ यातल्या ‘आमच्याकडे’त घर, गाव, रीत सगळं येतं. फ्रेंच ‘शे नू’तही तसंच. मोलिएरकडे म्हणजे त्याच्या लेखनात. दुकानाचं नाव घेतलं तर मात्र ‘शे’ चालत नाही. बेकरीवाल्याकडे ‘शे’, बेकरीत ‘आ ला’.

उत्साहाच्या भरात मी वर्गात ‘माझ्याकडे पेन आहे’ हेही ‘शे म्वा’ घालून सांगितलं. बाई हसल्या, ‘‘म्हणजे घरी विसरलात!’’ जवळ असण्यासाठी हा शब्द नाहीच. तो मुळात लॅटिन ‘कासा’, म्हणजे घर, यातून आला. गोव्यातल्या घरांच्या पाट्यांवर दिसतो तोच ‘कासा’, पोर्तुगीजांच्या वाटेनं आलेला.

एका गृहपाठात ‘सुट्टीत कुठे जाता?’ असा प्रश्न होता. नमुना उत्तर : ‘शे मे पारां’, आईवडिलांकडे. आपण एका शब्दात ‘माहेरी’ म्हणतो. मी ते वाक्य वहीत उतरवलं नाही. सिनेमाला जाते, असं लिहिलं.

पुढे ल्योंला गेले. विहीणबाईंनी दारातच म्हटलं, ‘‘फेत कॉम शे वू.’’ आपलंच घर समजा. जेवताना त्यांनी विचारलं, तुमच्याकडे दिवाळीत काय करतात? ‘‘शे नू...’’ म्हणून मी सुरुवात केली आणि पहाटेचा बंब, अंगणातला किल्ला, आईच्या हातची चकली, जमेल तसं सांगत सुटले. मुलगी हळूच म्हणाली, ‘‘आई, पुण्यात आपल्याकडे कुठे आहे बंब?’’

मी सांगत होते ते वाईबद्दल. तो वाडा विकून वीस वर्षं झाली आहेत.