आज्ञावलीतील गुंता : मोजावा कसा, सोडवावा केव्हा?

एखादे वर्ष लीप वर्ष आहे की नाही हे ठरविण्याचे काम संगणकाकडे सोपवावयाचे झाले, तर त्याला तीन प्रश्न शिकवावे लागतात. त्या वर्षाला चाराने नि:शेष भाग जातो काय? जात असल्यास शंभराने जातो काय? आणि शंभरानेही जात असल्यास चारशेने जातो काय? १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी कालगणनेत जी दुरुस्ती केली, तिच्यातील लीप वर्षाचा नियम एवढ्यात मावतो. पण या तीन प्रश्नांमुळे वाटा फुटतात चार. म्हणून ही आज्ञावली बिनचूक आहे अशी खात्री करून घेण्यास निदान चार वर्षे घालून पाहावी लागतात : २०२३, २०२४, १९०० आणि २०००. पहिल्या दोहोंवर जो समाधान मानील, तो १९०० साली फसला तरी त्याला पत्ता लागावयाचा नाही.

प्रश्न तीन, वाटा चार. गुंतागुंत मोजण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत मुळात एवढीच आहे. थॉमस मॅकेब यांनी ती १९७६ साली एका निबंधात मांडली. आज्ञावलीचा एकेक भाग, ज्याला त्या धंद्यात ‘फंक्शन’ म्हणतात, तो घ्यावा. त्यात वाट जिथे जिथे दुभंगते ती ठिकाणे मोजावीत आणि त्यांत एक मिळवावा. या अंकास ‘सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी’ असे भारदस्त नाव आहे. हा अंक दहाच्या वर जाऊ देऊ नये, असे मॅकेब यांनी सुचविले. मात्र दहा या आकड्यात काही जादू नाही, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. पुढच्या लोकांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले आणि दुसरे सोयीस्करपणे विसरले!

मर्यादा पार सुटली म्हणजे काय होते? २००७ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टोयोटा कंपनीच्या एका मोटारीला अपघात होऊन एक स्त्री मृत्यू पावली. २०१३ साली तो खटला ज्युरीपुढे चालला. इंजिनाच्या थ्रॉटलचा कोन ठरविणाऱ्या फंक्शनचा अंक शंभराच्या वर असल्याची साक्ष वादीच्या तज्ज्ञाने दिली, आणि ज्युरीने कंपनीस जबाबदार धरले. तत्पूर्वी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या नासाच्या तपासणीत अशा वेगवाढीस इलेक्ट्रॉनिक दोष कारण असल्याचा पुरावा मिळाला नव्हता. तेव्हा त्या गुंत्यानेच प्राण घेतला, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु जिथे शंभरावर वाटा आहेत, तिथे प्रत्येक वाटेने कोणी चालून पाहिले होते काय, हा प्रश्न मागे उरतोच.

तथापि अंकाच्या आहारी जाणेही बरे नव्हे. बारा महिन्यांची नावे सांगणाऱ्या फंक्शनला बारा फाटे फुटतात आणि अंक दहाची मर्यादा ओलांडतो. पण ते शाळकरी पोरही वाचील. मॅकेब यांनी स्वत: अशा प्रकाराला सूट दिली होती. उलट एकाच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी अशा अटी कोंबल्या आणि नावे क, ख, ग अशी ठेवली, तर अंक लहान राहूनही वाचणाऱ्याचे डोके फिरते. अंक म्हणजे ज्वरमापक. ताप किती हे तो दाखवील, रोग कोणता हे वैद्यानेच पाहावे.

आता सोडवावा केव्हा? रिफॅक्टरिंग म्हणजे बाहेरील वागणूक तिळमात्र न बदलता आतील रचना सुधारणे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली अशा राहून गेलेल्या कामाला कर्जाची उपमा दिली. या कर्जाचा एक विशेष असा, की व्याज भरावे लागते ते त्या भागाला हात लावताना. दहा वर्षे कोणी उघडले नाही असे फंक्शन कितीही किचकट असो, त्याला निजू द्यावे. पण अंक मोठा आणि दर आठवड्यास कोणी ना कोणी तिथे ठिगळ लावते आहे, असे बदलांच्या नोंदीवरून दिसले, तर गाठ सोडविण्याची वेळ आली म्हणून समजावे. तीही आधी चाचण्या लिहून, एकेक पेड मोकळा करीत. पुण्या-हैदराबादच्या कचेऱ्यांतून हेच काम करणाऱ्या मराठी तरुणांना यातील पहिली पायरी गाळण्याचा मोह किती होतो, हे वेगळे सांगणे नको.

लीप वर्षाच्या तीन प्रश्नांपैकी पहिलाच ठेवला, तर अंक चारावरून दोनावर येतो. आणि १९०० ते २०९९ या दोनशे वर्षांत चूक होते ती एकट्या १९०० साली. हिशेबाच्या ‘लोटस १-२-३’ या जुन्या आज्ञावलीने १९०० हे लीप वर्ष धरले होते. तिच्याशी मेळ राहावा म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलनेही तेच धरले. चूक उघड आहे, कंपनीला ती मान्य आहे. पण आता ती सुधारावी, तर आजवरच्या तक्त्यांतील जवळजवळ सगळ्या तारखा एका दिवसाने सरकतील. म्हणून एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस अजूनही नांदतो आहे.