शुश्रूषा करणारीचे आरोग्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



मनावरील ताण आणि आरोग्य या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी व्याख्याता नव्हे. रोगी तपासणारा एक साधा डॉक्टर आहे. तेव्हा माझे अनुभवाचे बोल गोड मानून घ्यावेत, ही विनंती.

संकट समोर उभे राहिले की छाती धडधडते, घशाला कोरड पडते. हा दुबळेपणा नव्हे. ती निसर्गाने केलेली संरक्षणाची तरतूदच होय. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रिनलीन व कॉर्टिसॉल हे स्राव रक्तात मिसळतात, नाडी जलद होते, रक्तातील साखर वाढते आणि मनुष्य झुंजण्यास अथवा पळण्यास सिद्ध होतो. संकट टळले म्हणजे शरीर पुन्हा पूर्वस्थितीवर येते.

परंतु संकट टळतच नसेल तर? १९३६ साली माँट्रियल येथील शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविले की, त्रासाचा प्रकार कोणताही असो, त्याने अधिवृक्क ग्रंथी वाढतात, जठरास व्रण पडतात आणि रोगप्रतिकाराशी संबंध असलेली थायमस ग्रंथी आक्रसते. पुढे १९९५ साली अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या आणि वयाने व मिळकतीने त्यांच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या १३ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरून येण्यास सरासरीने ९ दिवस अधिक लागले. मनावरचा भार त्वचेलाही कळतो, तो असा!

हा वृत्तांत वाचला तेव्हा मला माझ्या थोरल्या वहिनींची आठवण झाली. आमच्या मातोश्री पक्षाघाताने सहा वर्षे अंथरुणास खिळून होत्या. दर रविवारी मी जाई, त्यांची नाडी पाही, रक्तदाब मोजी. वहिनी शेजारी उभ्या राहून मला हवे-नको ते देत. सहा वर्षांत रक्तदाबाचा पट्टा एकदाही मी त्यांच्या दंडास बांधला नाही. त्यांची झोप उडाली होती, अन्न गोड लागत नव्हते, लहानसहान गोष्टींवरून डोळ्यांत पाणी येई. 'वहिनींचा स्वभाव अलीकडे चिडका झाला,' असे घरात सर्व म्हणत, मीही म्हणे. तो स्वभाव नव्हता, ती मनाची व्याधी होती, हे डॉक्टर असून मला उमगले नाही.

मातोश्री गेल्या, आणि दोन महिन्यांतच वहिनींना अर्धांगाचा झटका आला. तो केवळ ताणामुळे आला असे मी म्हणणार नाही. रक्तदाबास कारणे अनेक असतात. परंतु मी वेळीच पाहिले असते तर तो रक्तदाब सापडला असता, हे मात्र निश्चित. त्याच वर्षी आपल्या मंडळाने त्यांचा 'आदर्श स्नुषा' म्हणून सत्कार केला. साडी व श्रीफळ त्यांनी डाव्या हाताने स्वीकारले. उजवा हात उचलत नव्हता.

बंधूंनो, सेवेचा गौरव करण्यात आपली ज्ञाती मागे नाही. सेवेचा भार वाटून घेण्यात मात्र आहे. म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, ज्या घरी रुग्ण अंथरुणास खिळलेला आहे अशा घरांची मंडळाने यादी करावी आणि तरुण स्वयंसेवकांनी आठवड्यातून दोन दुपारी तेथे बसावे. दुसरी, घरातील पुरुषांनी रात्रीच्या जागरणाचा वाटा उचलावा. आईची सेवा ही एकट्या सुनेची जबाबदारी नव्हे. तिसरी, रुग्णास तपासावयास येणाऱ्या डॉक्टरांना शुश्रूषा करणारीचीही प्रकृती पाहण्यास सांगावे. मन फारच खचले तर ते बोलून दाखविण्यात कमीपणा नाही. शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो, आणि तो मराठीतूनही मिळतो.

साडी-श्रीफळाचा मान अवश्य द्यावा. पण त्याआधी त्या माउलीला दोन प्रहरची निर्वेध झोप द्यावी, एवढेच मागून आपली रजा घेतो.