नेम आणि लाल ठिपका

आपल्या गावांतली मुले सैन्यात जातात, पोलिसांत जातात, कॉलेजात असताना एन. सी. सी.ची रायफल खांद्यावर घेतात. सुटीवर आलेला एखादा जवान पारावर बसून सांगतो, की हल्ली रायफलीवर लाल ठिपक्याची काच असते. ठिपका ठेवायचा अन् चाप ओढायचा. ऐकणाऱ्यांना वाटते, रायफलीतून लाल किरण निघतो आणि समोरच्यावर जाऊन टेकतो. तसे मुळीच नसते. समोरच्यावर काही पडत नाही. ठिपका दिसतो तो काचेमागच्या डोळ्याला.

या काचेच्या तऱ्हा आहेत आणि त्यांत बरेवाईटही आहे. हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हे. ऐन वेळी ठिपका विझला किंवा जागचा हलला, तर त्याची किंमत काच विकणारा देत नाही. ज्याच्या हाती रायफल असते तो देतो.

आधी जुनी रीत पाहू. नळीच्या टोकाशी जो बारीक उंचवटा असतो त्याला आपण माशी म्हणतो. डोळ्याच्या बाजूला एक खाच किंवा भोक असते. खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणणे म्हणजे शिस्त धरणे. (वर्गातली शिस्त निराळी, पण शब्द तोच, हे शिक्षकबंधूंच्या ध्यानात आले असेलच.) अडचण अशी, की ही तिन्ही निरनिराळ्या अंतरांवर आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावरचे नीट पाहतो. माशी स्वच्छ दिसली की लक्ष्य अंधूक, लक्ष्य स्वच्छ दिसले की माशी फिसकटते. विशीत डोळ्यातले भिंग लवचीक असते, ते झटकन जुळवून घेते. पुढे ते ताठरते. आपण चष्म्यालाच चाळिशी म्हणतो, ते काही उगाच नाही.

म्हणून जुनी रीत टाकाऊ झाली असे समजू नका. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले, ते अशाच साधनावर. त्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, लाल ठिपकाही चालत नाही. मागे बारीक भोक, पुढे एक कडे, बस्स. पण तिथे लक्ष्य हलत नाही आणि श्वास आवरायला सवड असते. सैनिकाला ही सवड कोण देणार?

आता ठिपका कसा उमटतो ते पाहू. रात्रीच्या एस. टी.त खिडकीच्या बंद काचेकडे पाहा. गाडीतला दिवा बाहेर शेतात टांगल्यासारखा दिसतो. काचेतून झाड दिसते, काचेवरून परतलेला दिवाही दिसतो, दोन्ही एकदम. मूळ कल्पना एवढीच. पण डोके जरा हलवा, की दिवा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारतो. असल्या दिव्याने नेम कसा धरणार? त्याच खिडकीतून चंद्र पाहा. डोके हलवा, नाहीतर चार बाके पुढे जाऊन बसा. चंद्र त्याच दिशेला. कारण तो इतका दूर आहे, की त्याच्याकडून येणारे किरण आपल्यापाशी जवळजवळ समांतर पोचतात. तेव्हा युक्ती काय, तर काचेतल्या दिव्याचा चंद्र करायचा.

ते कसे करायचे, हे शाळेच्या विज्ञानातच आहे. अंतर्वक्र आरशाच्या नाभीवर दिवा ठेवला की परतणारे किरण समांतर निघतात. सपाट काचेऐवजी किंचित वक्र काच घेतात, तिच्या नाभीवर अगदी बारीक लाल दिवा बसवतात आणि काचेवर असा मुलामा देतात, की लाल परतावा व बाकीचे रंग आरपार जावेत. मग ठिपका लांब, लक्ष्याच्याही पलीकडे असल्यासारखा दिसतो. डोळ्याला तीन ठिकाणी धावावे लागत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडे पाहायचे. ठिपका आपोआप त्यावर असतो.

ही कल्पना १९०० साली डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी मांडली. या ग्रब घराण्याच्या कारखान्यातली २० इंची दुर्बीण पुण्यास कॉलेज ऑफ सायन्सच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत होती. प्राध्यापक कावसजी नेगमवाला तिथे वेध घेत. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. असो. ग्रब यांची युक्ती पुढे लढाऊ विमानांत गेली, पण रायफलीवर बसेल असा चिमुकला दिवा मिळेना. लाल प्रकाश देणारा अर्धवाहक दिवा, ज्याला आपण एल. ई. डी. म्हणतो, तो निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला आणि १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने तो दिवा घालून पहिली काच बाजारात आणली.

या आरशाच्या जातीला तोड म्हणून दुसरी जात आली, ती होलोग्राफीची. १९४७ साली डेनिस गॅबर यांनी शोधलेली ही विद्या. इथे काचेच्या पटलात खुणेचे चित्र आधीच नोंदलेले असते आणि लेझरचा उजेड पडला की ते समोर तरंगते. अमेरिकेच्या ईओटेक कंपनीची काच या जातीची. तिच्यात मधे ठिपका आणि भोवती वर्तुळ असते. घाईत वर्तुळात माणूस सापडतो आणि सवड असली तर ठिपक्याने बारीक नेम घेता येतो. काचेचा एखादा भाग चिखलाने माखला, तरी उरलेल्या भागातून खूण दिसते. हा तिचा खरा गुण.

पण लेझर खादाड. या जातीची काच एका भरणीवर १,००० तासांच्या आसपास चालते. म्हणजे सतत चालू ठेवली तर सहा आठवडे. एमपॉइंटच्या कॉम्प एम ४ या काचेला एकच छोटा सेल लागतो आणि कंपनी ८०,००० तास सांगते. हिशेब करून पाहा, नऊ वर्षे होतात. ती काच कोणी बंदच करीत नाही, आणि बंद न करणे हाच तिचा मोठा फायदा, कारण मध्यरात्री दचकून उठलेल्या माणसाला कळ शोधत बसावे लागत नाही. शिवाय उष्णतेने लेझरच्या उजेडाची तरंगलांबी बदलते आणि खूण सरकू पाहते. त्यावर तोड काढावी लागते. कडक थंडीत व उन्हात आपल्या काचांचा नेम हलतो हे लपवले, असा अमेरिकी सरकारने ईओटेकवर आरोप केला आणि २०१५ साली कंपनीने २ कोटी ५६ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

तिसरी तऱ्हा सेलशिवाय चालते. इस्रायलच्या मेप्रो २१ मध्ये दिवसा काचतंतू बाहेरचा उजेड गोळा करतो, रात्री ट्रिटियम उजेड देतो. ट्रिटियमचे तेज साडेबारा वर्षांच्या आतच निम्म्यावर येते, तेही चालेल. पण तुम्ही अंधाऱ्या माजघरात उभे राहून उन्हातल्या अंगणाकडे पाहिलेत, तर तंतूला मिळतो तो माजघराचा उजेड आणि ठिपका उन्हात पुसून जातो.

माझे मत विचाराल, तर ज्याला महिनोन्‌महिने चौकीवर राहायचे आहे त्याने आरशाची जात घ्यावी. वर्तुळाची सोय मोठी, पण विझलेल्या वर्तुळाचा उपयोग नाही.

ठिपक्याचा आकारही पाहावा. तो कोनात मोजतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, हे पंचांग पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. १०० मीटरवर एक कला म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर. ४ कलांचा ठिपका ३०० मीटरवर ३५ सेंटिमीटर झाकतो, माणसाची छातीच झाकली म्हणा ना! २ कलांचा त्याच्या निम्मे झाकतो. ठिपका मोठा असला की चटकन सापडतो, लहान असला की लांबवर उपयोगी पडतो. आणि ही काच लक्ष्य मोठे करून दाखवीत नाही, हे विसरू नये.

काच पारखायची कशी? रिकामी रायफल, रिकामी आहे हे दोनदा पाहून, वाळूच्या पिशवीवर पक्की टेकवा. दूरच्या एखाद्या खांबावर ठिपका आणा आणि रायफलीला हात न लावता डोके डावीउजवीकडे, वरखाली हलवा. ठिपका काचेत सरकेल, पण खांबावरून हलता कामा नये. स्वस्तातल्या काचेत तो खांब सोडून भटकतो. आरसा नीट घडलेला नसतो. चांगल्या काचेत डोळा मध्यापासून एक सेंटिमीटर सरकला, तर चूकही सेंटिमीटरभरच होते, मग लक्ष्य ५० मीटरवर असो की २००.

कित्येकांना ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो आणि ते काच परत करायला निघतात. त्याआधी मोबाइलने काचेतून ठिपक्याचे छायाचित्र घ्यावे. छायाचित्रात तो गोल आला, तर काच ठीक आहे. दोष डोळ्याच्या पडद्यापुढच्या वक्रतेत आहे, त्याला दृष्टिवैषम्य म्हणतात. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन चष्म्याचा नंबर काढून घ्यावा.