पंचगंगेचा विचार उगमापासून व्हावा

(कोल्हापूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



पावसाळ्यात आपण प्रथम राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. तेथे ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैमध्ये ते ५६ फुटांपर्यंत पोहोचले. मात्र भूरूपशास्त्राचा अभ्यासक बंधाऱ्यापाशी थांबत नाही. हे पाणी आले कोठून आणि त्याची पुढची वाट मोकळी आहे काय, असे तो विचारतो.

त्याच्या लेखी नदी म्हणजे केवळ पात्र नव्हे. ज्या भूमीवरचे पाणी त्या पात्रात उतरते, ते सारे पाणलोट क्षेत्र म्हणजे नदी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शिरोळकडे त्याचा जेमतेम दशांश. म्हणूनच शिरोळात आकाश निरभ्र असतानाही अंगणात पाणी चढू शकते.

सह्याद्रीवरून वेगाने उतरलेली नदी प्रयाग चिखलीपुढे सपाटीवर मंदावते, नागमोडी वळणे घेते आणि पुरात काठ ओलांडून पसरते. हे तिचे पूरमैदान. आपल्या नदीकाठची कसदार मळी याच पुरांच्या गाळाने घडली. त्या मैदानात भराव टाकून घरे बांधली, तर पाणी शेजारच्या वस्तीत शिरणारच. त्यातच नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असेल, तर पंचगंगेचे पाणी मागे तुंबते.

या अभ्यासातूनच व्यवस्थापनाची दिशा मिळते. उगमाकडील वने राखली, तर माती जागेवर राहते. महापूर त्यांनी टळत नाही, पण गाळ आणि दरडी कमी होतात. धरणांचे विसर्ग संपूर्ण खोरे पाहून ठरवावेत. रस्त्यांच्या भरावांत पुरेशा मोऱ्या ठेवाव्यात. पूररेषेच्या आत नवे बांधकाम नको. सांडपाण्यालाही हाच न्याय लागू आहे. वरच्या गावाने सोडलेली घाण खालच्या गावाच्या घागरीत येते.

राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीला भोगावती अडवण्याचे काम हाती घेतले, ते खालच्या शिवारांचा विचार करून. ती दृष्टी आपण घरापर्यंत आणूया. घर घेताना पाण्याच्या नळाची चौकशी आपण करतोच. त्याआधी पूररेषा कोठे आहे, हे विचारावे. नदीची जागा नदीला ठेवली, तरच आपले घर सुरक्षित राहील.