सळई आणि कव्हर

आनेकलजवळ एका निवासी शाळेचं वसतिगृह बांधतोय. मालक म्हणाले, "व्हिक्टोरियन दिसू द्या." म्हणजे आरसीसीवर टोकदार कमानी चिकटवा! अहो, तेव्हाही काँक्रीट होतं. कलकत्त्यात वकिली करून परतलेल्या पीटरसननं इंग्लंडात स्वे गावी १८७९ ते १८८५ मध्ये ६६ मीटरचा मनोरा सळयांविना उभारला. सळई नाही, म्हणून ती गंजून फुगणं नाही, काँक्रीट फुटणं नाही.

आपल्याला सळई लागतेच. पण पूर्वी एका वसतिगृहात मी तिच्यावरचं कव्हर कमी ठेवलं होतं. बारा वर्षांत छताचा खपला एका मुलाच्या खाटेवर कोसळला. मुलगा वर्गात होता, म्हणून वाचला.

मालकांना तो फोटो दाखवला. कमानी रद्द झाल्या. आता प्रत्येक स्लॅबआधी कव्हर ब्लॉक मी स्वतः तपासतो.